रांग तपासताना रांग हलवू नका

या अंकात नोकरीच्या आठवणी लिहितात ती माणसं निवृत्त असतात. कोर्टातली, शाळेतली, रेल्वेतली. त्यांना सबुरीचा सूर जमतो. मला जमणार नाही, हे मी संपादकांना आधीच सांगितलं. ते म्हणाले, "तुझ्या पत्रकांसारखं लिहू नकोस म्हणजे झालं." प्रयत्न करते.

मी नारायणगुड्यात एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. खालच्या मजल्यावर कोचिंग क्लास, वर आम्ही. काचेच्या उंच इमारती आणि कंपनीच्या बसगाड्या शहराच्या दुसऱ्या टोकाला. आमच्याकडे एक जिना आहे आणि जिन्यात क्लासच्या पोरांच्या चपला. माझं काम सपोर्टचं. आमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याने फोन करून "चालत नाही" म्हटलं की नेमकं काय चालत नाही ते शोधायचं. म्हणजे ऑफिसात मी तक्रारी ऐकते. ऑफिसबाहेर मी तक्रारी करते: काचीगुड्यातल्या आमच्या मंडळासाठी पत्रकं लिहून वाटते. बसथांब्याला बाक हवं, फुटपाथ अडवून बसलेला ट्रान्सफॉर्मर हलवा, अशी. तक्रारीच्या दोन्ही टोकांना उभी राहिलेली बाई, एवढीच माझी लायकी आणि तेवढीच पुरे.

आता धंद्याविषयी, कारण तो कळल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.

संगणकाला आम्ही बहुतेक वेळा एकाच जातीचं काम सांगतो. हा एक ढीग घे आणि त्यातल्या प्रत्येकाचं काहीतरी कर. ढीग नावांचा असेल, फोटोंचा असेल, बिलांचा असेल. हे सांगायच्या तऱ्हा दोन, आणि त्यांवरून आमच्या धंद्यात जेवढी भांडणं होतात तेवढी भाऊबंदांत होत नसतील.

दोन्ही तऱ्हा मला सुलतान बाजारातल्या एका साडीवाल्या शेठजींनी नकळत दाखवल्या. त्यांच्या दुकानाची तक्रार पाहायला गेले होते. गल्ल्यामागे बसून शेठजी एका नव्या सेल्समनला शिकवत होते. "पहिली घडी उचल. बघ. हिरवी आहे? उजवीकडे ठेव. नाही? डावीकडे. आता दुसरी उचल. बघ." तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. शेठजी जुन्या सेल्समनकडे न पाहताच म्हणाले, "हिरव्या काढ." झालं. हिरव्या साड्या समोर.

पहिली तऱ्हा म्हणजे लूप. बोट कुठल्या घडीवर आहे, उचललेली कुठे ठेवायची, पुढे कधी सरकायचं, सगळं तुम्ही सांगायचं. दुसरीला फंक्शनल म्हणतात. काय हवं ते सांगा, हात कसा हलवायचा ते त्याचं तो पाहील. शिवाय ती तऱ्हा मूळ ढिगाला हात लावत नाही. हवं तेवढ्याचा वेगळा ढीग करून देते. लूपमध्ये प्रत्येक हालचाल डोळ्यांना दिसते, पण प्रत्येक हालचाल चुकूही शकते. दुसरीत चुकायला जागा कमी, पण आत काय झालं ते दिसत नाही.

आमच्या ऑफिसात लूपवाले म्हणजे श्रीनिवास सर. मूळचे वरंगलचे, शांत, टेबलावर एकही कागद नाही. फंक्शनलवाला म्हणजे निखिल, पुण्याहून आलेला, माझ्याच वयाचा, लूप दिसला की त्याच्या कपाळाला आठी पडते. ऑफिसात तेलुगू, हिंदी, मराठी, इंग्रजी यांची जी खिचडी शिजते ती इथे सगळी मराठीतच वाढते.

"सर, तुमचा कोड वाचताना जिना चढल्यासारखं वाटतं," निखिल म्हणायचा. "प्रत्येक पायरीला पाय उचलायचा."

"आणि तुझा कोड लिफ्ट आहे, निखिल बाबू," सर म्हणायचे. "चालते तोवर छान. बंद पडली की आत कोण अडकलंय ते बाहेरून दिसत नाही."

मी दोघांची गंमत बघायची. मला वाटायचं, हा आवडीनिवडीचा मामला आहे, गोड डाळ आवडते की आंबट तसा. विद्याकाकूंच्या प्रकरणानंतर मला तसं वाटत नाही.

विद्याकाकू देगलूरकर आमच्या मागच्या गल्लीत राहतात. कोर्टात नोकरी करून निवृत्त झाल्या. नवरा गेला, मुलगा पुण्यात, घरात त्या एकट्या. मी त्यांना ओळखू लागले ते पत्रकांमुळे. मंडळाचं पत्रक दारात टाकलं की दुसऱ्या दिवशी त्या मला अंगणात बोलावून घ्यायच्या.

"ये, बैस. हे काय लिहिलंस? बाक हवं, दिवा हवा, गटार झाका, कुत्री पकडा. एका पत्रकात किती मागण्या?"

"सगळ्याच खऱ्या आहेत, काकू."

"असतील. कोर्टात असा अर्ज आला की आम्ही काय करायचो मालूम आहे? बाजूला ठेवायचो. एक अर्ज, एक मागणी. आणि राग पहिल्या ओळीत नको, शेवटी ठेव. तिथपर्यंत वाचणाऱ्यालाच येऊ दे."

हा सल्ला मी मानते. नेहमी नाही.

काकूंच्या मूत्रपिंडांनी काम सोडलंय. ठरलेल्या वारी डायलिसिसला जावं लागतं. एक धर्मादाय केंद्र आहे, ते रुग्णांना घरून आणायला गाडी पाठवतं. आदल्या संध्याकाळी रुग्णाच्या फोनवर संदेश येतो: उद्या अमुक वाजता गाडी येईल. ज्याला गाडी नको असेल त्याने दुपारपर्यंत नकार कळवायचा. व्यवस्था चांगली आहे, हे मी मुद्दाम लिहिते. केंद्रातली माणसंही वाईट नाहीत.

पण काकूंची गाडी कधी यायची, कधी यायची नाही. न आलेल्या दिवशी त्या रिक्षा करून जायच्या आणि तिथे विचारायच्या. केंद्रातल्या बाई पडद्यावर बघून सांगायच्या, "नाव यादीत आहे की तुमचं. संदेश गेला असणार. तुम्ही बघितला नसेल."

"आलाच नाही, तर बघू कसा?"

"यादीत नाव आहे, अम्मा." आणि विषय संपायचा.

ड्रायव्हर अंजय्याला विचारलं तर तो म्हणायचा, "नाम आयाच नहीं मेरे फोन में. फोन में नाम आया तो मैं गाडी घुमातूं, नहीं आया तो नहीं." केंद्रात त्याच्यावरही कुणी विश्वास ठेवला नाही. ड्रायव्हर लोक सबबी सांगतात, हे सगळ्यांना आधीच माहीत असतं.

काकूंचा मुलगा श्रीरंग. सॉफ्टवेअरमध्येच आहे, हाताखाली बरीच माणसं. काळजी करणारा मुलगा आहे, रोज फोन करतो. त्याने केंद्राला फोन केला. त्यांनी त्याला पडद्याचा फोटो पाठवला. यादीत आईचं नाव स्वच्छ दिसत होतं. झालं. त्या दिवसापासून त्याच्या फोनचा सूर बदलला. आई, संदेश चुकून पुसलास का. आई, गोळ्या घेतल्यास का, नक्की का, डबीत बघ. आई, गॅस. काकू मला सांगत होत्या, "आधी तो विचारायचा, जेवलीस का. आता विचारतो, काय जेवलीस. माझी उलटतपासणी चाललीय. आणि माझ्या विरुद्ध गवाही कोण देतंय, तर तो पडदा."

मग एक दिवस गाडी आली नाही, आणि सकाळपासून रिक्षांचाही संप. काकूंचं डायलिसिस बुडालं. दुसऱ्या दिवशी धाप लागली, शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं. दोन रात्री काढून घरी आल्या त्या बरोबर श्रीरंगला घेऊन. त्याने रविवारची दोघांची पुण्याची तिकिटं काढली होती. तिथलं डायलिसिस केंद्र बघून ठेवलं होतं, एका मेंदूच्या डॉक्टरांची वेळही घेतली होती. घर बंद करायचं ठरलं.

मी भेटायला गेले तेव्हा तो बँकेत गेला होता. काकू पलंगावर बसून चादरींच्या घड्या घालत होत्या.

"पुण्याला जायला माझी ना नाही ग," त्या म्हणाल्या. "लग्नाला जाते, बारशाला जाते. नातवंडं आहेत. पण डोकं गेलं म्हणून नेतायत, तसं नाही जायचं मला. एकदा तसं गेलं की मग मीठ कमी पडलं तरी डोकं गेलं म्हणतील. रेवती, मी कोर्टात नोकरी केलीय. काय आलं आणि काय आलं नाही, हे सांगायचाच मला पगार होता. संदेश आला नव्हता."

मी म्हटलं, आधीचे संदेश दाखवा. त्यांनी फोन दिला. जे दिवस गाडी आली त्या दिवसांचे संदेश जागच्या जागी होते, एकही पुसलेला नव्हता. आणि प्रत्येक संदेशाच्या खाली बारीक अक्षरांत आमच्या कंपनीचं नाव.

मला आधी लाज वाटली, मग संताप आला. सपोर्टला मी बसते. त्या केंद्राकडून गाड्यांबद्दलची एकही तक्रार माझ्यापर्यंत आलेली नव्हती. दडवलीही नव्हती कुणी. म्हातारी बाई म्हणते संदेश आला नाही, आणि ड्रायव्हर म्हणतो नाव आलं नाही, याला तक्रार म्हणायचं असतं हेच कुणाला सुचलं नव्हतं. दोन वेगवेगळी माणसं एकच गोष्ट सांगत होती. पडदा वेगळं सांगत होता. पडद्याचं खरं धरलं गेलं, कारण पडद्याला वय नसतं आणि पगार कमी नसतो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी काकूंच्या न आलेल्या गाड्यांच्या संध्याकाळी काढल्या. यंत्र काय काय पाठवतं याची नोंद यंत्रच ठेवतं. त्या संध्याकाळी काकूंना संदेश गेलेलाच नव्हता. कुणी नंतर पुसला, अडला, नेटवर्क नव्हतं, असलं काही नाही. पाठवायचा प्रयत्नच झाला नव्हता. का ते कळेना तेव्हा मी कोड उघडला. श्रीनिवास सरांचा लूप होता, साधा, नीटनेटका. यादीतल्या पहिल्या रुग्णापासून सुरुवात. याने नकार कळवलाय का? कळवला असेल तर यादीतून काढ. नसेल तर संदेश पाठव आणि ड्रायव्हरच्या फोनवर नाव टाक. पुढच्याकडे जा.

वाचून मला काही खटकलं नाही. तुम्हालाही खटकलं नसेल. धंद्यातल्या माणसांना मात्र इथे कळलं असेल, आणि ती मनात म्हणत असतील, एवढं तर पहिल्या वर्षी शिकवतात. हो, शिकवतात. आणि दर वर्षी कुठे ना कुठे कुणीतरी करतंच.

डोळ्यांसमोर आणा. हॉटेलात टेबलासाठी माणसं रांगेत उभी आहेत, पायाखाली फरशांवर आकडे घातलेत. मॅनेजर फरशीफरशीने चालत विचारतोय. तिसऱ्या फरशीवरचा माणूस म्हणतो, मला नको, आणि निघून जातो. मागची सगळी रांग एकेक फरशी पुढे सरकते. चौथीवरची बाई आता तिसरीवर आली. मॅनेजरच्या डोक्यात मात्र एवढंच आहे की तिसरी झाली, आता चौथी. तो चौथीवर जातो. तिथे आता पाचवा माणूस उभा आहे. बाईला कुणी विचारलंच नाही. तिने काही केलेलं नाही. ती रांगेतच आहे, डोकी मोजलीत तर तिचंही डोकं मोजलं जाईल. फक्त तिच्या पुढचा माणूस गेला आणि नेमकं त्याच क्षणी मॅनेजरने पाऊल टाकलं.

काकूंच्या आधी यादीत यादगिरी नावाचे एक गृहस्थ होते. त्यांचा मुलगा सवड असली की स्वतःच्या गाडीने त्यांना न्यायचा, म्हणून ते वरचेवर नकार कळवायचे. त्यांनी नकार कळवला की त्या संध्याकाळी काकू गळायच्या. सगळ्या तारखा जुळल्या. केंद्राच्या पडद्यावर नाव दिसायचं तेही खरंच होतं. काकू यादीत होत्या. यादीतून काढलं होतं यादगिरींना. काकूंना नुसतं ओलांडलं होतं.

चाचणी झाली नव्हती का? झाली होती. चाचणीच्या खोट्या यादीत नकार देणारा माणूस शेवटी ठेवला होता. त्याच्या मागे कुणी नव्हतंच, तर ओलांडणार कुणाला.

मी श्रीनिवास सरांना बोलावलं. ते उभ्यानेच पडद्याकडे बघत राहिले. मग खुर्ची ओढून बसले. निखिल आपल्या जागेवरून म्हणाला, "फिरत्या यादीतून काढलंय? तपासणी चालू असतानाच? सर, म्हणून मी ओरडत असतो. नकार न देणारे गाळून वेगळे काढा, मग त्या नव्या यादीला संदेश पाठवा. जुनी यादी जागची हलत नाही, तर कुणाला ओलांडायचा प्रश्नच येत नाही."

"बरोबर आहे," सर म्हणाले. एवढंच. निखिलचा चेहरा पडला. त्याला भांडण हवं होतं.

निखिलने जेवायच्या आत नवा कोड लिहिला. इतका छोटा की मला आधी वाटलं, उरलेला पाठवायचा राहिला. तो तपासायला सरांकडे गेला, आणि सरांनी तो खऱ्या यादीवर चालवून बघितला. थोड्या वेळाने म्हणाले, "निखिल, हे मलकपेटचे गृहस्थ कुठे गेले?"

मलकपेटच्या त्या रुग्णाचा फोन नंबर बदलला होता; केंद्राने जुना त्याच सकाळी नोंदीतून काढला होता आणि तेव्हापासून जागा कोरी होती. नंबरशिवाय संदेश जाणार कसा, म्हणून निखिलने नंबर नसलेलेही गाळून टाकले होते. पद्धतीत चूक काही नव्हती. पण ते गृहस्थ मुकाट्याने गळले. सर म्हणाले, "माझा लूप इथे अडखळून पडला असता. सगळ्यांचे संदेश अडकले असते, केंद्राने बोंब मारली असती, आणि रेवतीने मला शोधलं असतं. तुझ्या गाळणीतून माणूस जातो आणि आवाज होत नाही."

"तुमच्यातूनही आवाज न होताच गेली ना एक बाई," निखिल म्हणाला.

"गेली. म्हणून सांगतोय."

माझ्या नोकरीत मी ऐकलेला हा सगळ्यात प्रामाणिक संवाद. दोन्ही तऱ्हांमध्ये माणूस हरवतो. लूपमध्ये तो पावलाखाली हरवतो, गाळणीत तो जाळीत हरवतो, आणि आम्ही वर्षानुवर्षं भांडतोय ते कुठला कोड वाचायला सुंदर यावर. मी माझी मागणी टेबलावर ठेवली. गाळायचंय तर गाळा, पण गाळलेल्यांचीही यादी करा, कारणासकट, आणि ती केंद्राच्या पडद्यावर वरच्या बाजूला दिसू दे. कोण येणार एवढंच नको. कोणाला विचारलंच नाही तेही. निखिल म्हणाला, दोन ओळींचं काम आहे. सर म्हणाले, करून टाक. सुधारलेली व्यवस्था त्याच संध्याकाळी सुरू झाली. मलकपेटला केंद्राने नातेवाइकांकरवी निरोप पोचवला.

आमच्या साहेबांना वाटलं, प्रकरण मिटलं. त्यांनी केंद्राला कळवायचा मजकूर मला दाखवला. संदेशव्यवस्था अधिक कार्यक्षम करण्यात आली आहे, वगैरे.

"यात चूक झाली होती असं कुठे आहे?" मी विचारलं.

"सुधारली म्हटलं की त्यात आलंच."

"नाही आलं. एक बाई खोटी ठरलीय, साहेब. तिला रविवारी घर बंद करून पुण्याला नेतायत. कार्यक्षम वाचून तिच्या मुलाला काय कळणार?"

"ते त्यांचं घरगुती आहे. आपण लेखी कबुली दिली तर उद्या उरलेले सगळे येतील."

"येऊ देत की. कोणाकोणाला ओलांडलंय ते आपल्यालाही कळेल."

"हे तुमचं मंडळ नाही, रेवती. पत्रक काढायची जागा नाही ही."

मी पत्रक काढणारच होते. मनात मजकूरही तयार होता, पहिल्याच ओळीत राग. मी जागेवर येऊन लिहायला बसले, आणि काकूंचं आठवलं. एक अर्ज, एक मागणी. मग सगळं खोडलं आणि कागदावर एकच वाक्य उरवलं: अमुक अमुक तारखांना श्रीमती विद्या देगलूरकर यांना आमच्या यंत्रणेकडून संदेश पाठवला गेला नव्हता, चूक आमच्या प्रोग्रामची होती. खाली सहीसाठी जागा. साहेब करणार नाहीत हे कळत होतं. माझ्या सहीला किंमत नव्हती, मी काकूंच्या ओळखीची.

श्रीनिवास सर माझ्यामागे येऊन उभे होते. त्यांना मराठी वाचता येत नाही. म्हणाले, काय लिहिलंस ते सांग. मी सांगितलं. त्यांनी खिशातलं पेन काढलं.

"सर, साहेब चिडतील."

"चिडू देत. लूप कोणाचा होता?"

सही केली, खाली आपला हुद्दा घातला आणि जागेवर जाऊन डबा उघडला.

शनिवारी दुपारी मी कागद घेऊन गेले. बैठकीत दोन बॅगा भरून तयार होत्या. श्रीरंगने दार उघडलं. उंच, थकलेला, डोळ्यांखाली काळं. वाईट माणूस नाही, हे पुन्हा लिहिते. मी म्हटलं, गाडीचं प्रकरण सापडलंय. तो म्हणाला, "ते आता राहू दे. तिथे पडद्यावर नाव होतं, मी बघितलंय."

"होतं. तरी संदेश गेला नव्हता."

"असं कसं होईल?"

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "इकडे येऊन सांग. मला समजेल असं सांग. त्याला त्याच्या भाषेत नंतर सांग."

ओट्यावर मी फुलपात्रं ओळीने मांडली. एकाला पोचा होता. काकू म्हणाल्या, "पोच्याचं मी." त्याच्या आधीचं यादगिरी. श्रीरंग दाराला टेकून उभा होता. मी म्हटलं, तुम्ही यंत्र व्हा, बोट ठेवा आणि पुढे पुढे जा. त्याने मन राखायला म्हणून पहिल्यावर बोट ठेवलं. ह्याने नकार दिला नाही, संदेश पाठवा. त्याने बोट पुढे नेलं. हे यादगिरी, ह्यांना गाडी नको, काढा. त्याने फुलपात्र उचलून बाजूला ठेवलं. आता रांग सरकवा, जागा मोकळी ठेवायची नाही. त्याने पोच्याचं फुलपात्र पुढे ओढलं, मागची ओढली, आणि पुढच्या जागेकडे बोट नेता नेता त्याचं बोट हवेतच थांबलं.

"फिरत्या यादीतून काढत होते?" त्याने विचारलं.

"हो."

ही चूक त्याने स्वतः पकडलेली असणार, हाताखालच्या पोरांची, कितीदा तरी. परीक्षेत विचारत असेल. घरी आईने सांगितलं तेव्हा मात्र ती आठवली नव्हती.

"आई, मला वाटलं..."

"माहीत आहे काय वाटलं," काकू म्हणाल्या. त्या फुलपात्रं उचलून चहाचं आधण ठेवत होत्या. "साखर तुला अर्धाच चमचा ना? बघ, लक्षात आहे."

श्रीरंग हसला नाही. "तिकिटांचं काय करू?"

"तुझं ठेव. तुला ऑफिस आहे. मी दिवाळी झाली की येईन, स्वतः तिकीट काढून. आणि त्या मेंदूच्या डॉक्टरांना सांग, पेशीची तारीख रद्द."

मग मी कागद काढून काकूंना दिला. त्यांनी चष्मा लावला. सवयीने आधी तारखा तपासल्या, मग वाक्य, मग सही कुणाची ते. त्यांचे ओठ हलताना मी बघत होते, पत्रकातली चूक काढतात तशी काढतील म्हणून.

"एकच मागणी आहे," त्या म्हणाल्या. "बरं लिहिलंस."

मी म्हटलं, जपून ठेवा, पुढे लागला तर. त्यांनी कागदाची घडी घातली आणि तो श्रीरंगच्या हातात दिला.

"मला नको. मला ठाऊकच होतं. हा तुझ्याजवळ राहू दे."